ओळीच्या शेवटचा शब्द

पाथरीच्या आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या दालनामागं एक अरुंद खोली आहे. पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या आणि गणेशोत्सवाचं सामान पडलेलं असायचं. आता स्कॅनर आहे, संगणक आहे, इन्व्हर्टर आहे आणि दिवसभर मी असते. बाहेरच्या पायऱ्यांवर देवस्थानाला आलेले लोक टेकतात, बाटलीत पाणी भरून घेतात, रस्ता विचारतात. आत नक्की काय चालतं याची कुणाला फारशी कल्पना नसते. नातेवाइकांनी विचारलं की मी 'लायब्ररीत असते' एवढंच सांगते. खुलासा करायला गेलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे झेरॉक्सच ना?"

झेरॉक्स नाही. आमच्या भागात एकेकाळी एक साप्ताहिक निघायचं. छापखाना केव्हाच बंद पडला आणि मालकांच्या मुलांनी घर विकताना जुन्या अंकांच्या फायली वाचनालयाला दिल्या. कागद पापडासारखा झालेला. पान उलटलं की कडेचा तुकडा हातात यायचा. हे अंक एकेक पान करून स्कॅन करायचे, मग चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडून त्यांचा मजकूर करून घ्यायचा, तो वाचून दुरुस्त करायचा, आणि चित्र नि मजकूर दोन्ही वाचनालयाच्या वेबसाइटवर चढवायचे, असं माझं काम. म्हणजे जिंतूरच्या किंवा पुण्याच्या माणसानं आपल्या गावाचं नाव टाकलं की त्या गावाची जुनी बातमी समोर यावी.

लोक शोधायला लागले तेव्हा मला आनंद झाला होता. कुणाला आजोबांच्या कुस्तीची बातमी मिळाली, कुणाला गावातल्या पहिल्या पिठाच्या गिरणीची. त्यातून काही वाईटही निघू शकतं, हे मनात आलं नव्हतं असं नाही. पण ते इतक्या लवकर आणि समोर येऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी एक बाई आली. माझ्याच वयाची असावी. अंगणवाडी सेविकेची साडी, खांद्याला पिशवी. देवगाव फाट्याजवळ तिचं सासर, आणि माहेर वालूरच्या पुढच्या एका खेड्यात. तिनं आधी पाणी मागितलं, पाणी पिऊन झाल्यावर फोन काढला आणि माझ्यापुढं धरला.

"ताई, हे तुमीच टाकलं ना?"

आमच्याच वेबसाइटवरच्या मजकुराचा फोटो होता तो. तिच्या वडिलांचं पूर्ण नाव, गावाचं नाव, आणि खाली ओळ: सदर इसमाने चारा डेपोतील कडबा नेल्याचा आरोप सिद्ध झाला. पुढची ओळ: पंचांनी तसे सर्व ग्रामस्थांसमक्ष जाहीर केले.

मी 'हो' म्हटलं. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. खुर्चीवर बसली आणि सावकाश सांगायला लागली.

बहात्तरच्या दुष्काळात तिचे वडील ऐन पंचविशीत होते. घरची मेंढरं. गावात जनावरांसाठी कडब्याचा डेपो पडला होता आणि एका सकाळी त्यातल्या पेंढ्या कमी निघाल्या. मेंढरांवाल्यावर आळ आला. पंच बसले, साक्षी झाल्या, आणि शेवटी यानं नेला नाही असं ठरलं. असं वडील आयुष्यभर सांगत आले होते. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? भांडण झालं की कुणीतरी 'कडबा खाल्लेलं घर' म्हणायचंच. तेव्हा वडील म्हणायचे, पेपरात छापून आलंय, जाऊन वाचा. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. कुणीतरी तेव्हा त्यांना पारावर वाचून दाखवलं होतं, तेवढंच.

"मी लहानपनापासून ऐकायले, पेपरात आलंय, पेपरात आलंय," ती म्हणाली. "म्हनलं आता फोनवर मिळतंय तर अण्णाला दाखवावं. त्यांच्यापुढंच बसून शोधलं. मोठ्यानं वाचायला लागले, आन मधीच थांबले."

"त्यांना कळलं?"

"मी थांबले की कळलं न्हाई का?"

तिच्याखेरीज गावातल्या दुसऱ्याही कुणाला ते सापडलं होतं. त्यानं फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली हसण्याची चित्रं. तेव्हापासून अण्णा पारावर जायचे थांबले होते. मेंढरं आता धाकटा मुलगा राखायचा, तरी रोज सकाळी वाड्यापर्यंत जाऊन कोकरांवर हात फिरवून यायचा त्यांचा शिरस्ता होता. तोही मोडला होता.

"ताई, खरं हाय का हे? खरं असंल तर तसं सांगा. मी त्यांना काय बी सांगंन. पन मला खरं पायजे."

मी पानाचं चित्र उघडलं. तिसरं पान, उजवीकडचा शेवटचा रकाना. त्या रकान्याची बाहेरची कड मोडून गेलेली होती, डाळिंबाच्या सालीसारखी वेडीवाकडी. बातमीच्या बऱ्याच ओळींची टोकं गेलेली. 'सिद्ध झाला' इथं कागद संपत होता, पण रकाना तिथं संपत नव्हता. वरच्या अखंड ओळी त्याहून लांब होत्या. तिथं आणखी एक शब्द मावत होता.

सॉफ्टवेअरला कागद मोडलाय की ओळ संपलीय हे कळत नाही. त्यानं दिसलं ते दिलं. अशा जागी कंस टाकून 'कागद फाटला आहे' असं लिहायचं आम्ही नंतरच्या अंकांपासून सुरू केलं होतं. हा अंक त्याआधीचा.

"इथं एक शब्द असणार," मी तिला बोटानं दाखवलं. "तो गेलाय."

तिनं स्क्रीनजवळ तोंड नेलं. "न्हाई असंल का?"

माझ्या ओठांवर 'असेलच' आलं होतं. मी ते गिळलं. "बघते," म्हणाले. "मला थोडे दिवस द्या. तोवर ही बातमी काढून टाकू का तिथून?"

तिनं जरा विचार केला. "नको. काढली तर म्हनतील, पोरीनं जाऊन दाबली."

ती गेल्यावर मी कार्यवाहांना फोन केला. ते हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सरच म्हणतात. चहाच्या वेळेला ते आले, चष्मा पुसून चित्र नीट पाहिलं.

"नाही असेल," ते म्हणाले. "पण 'आहे' सुद्धा बसतं की इथं. 'सिद्ध झाला आहे.' काय हरकत आहे?"

तो विचार मी दुपारपासून लांब ठेवला होता. त्यांनी तो समोर आणून ठेवला.

"सर, तिच्या वडिलांना पंचांनी सोडलं होतं."

"असं तिचे वडील म्हणतात. हे बघा बाई, आपल्याला वाटतं ते टाईप करायचं नसतं. कागद म्हणतो ते करायचं."

"कागद काहीच म्हणत नाही ना इथं."

"मग आपणही काही म्हणायचं नाही. फाटलंय म्हणून लिहा आणि सोडा."

त्यांचं बरोबर होतं. मी कंस टाकला, 'येथे कागद मोडला आहे, शब्द गेला आहे' असं लिहिलं. पण ग्रुपवरच्या फोटोत कंस नव्हता. आमच्या वेबसाइटवर मी काहीही दुरुस्त केलं तरी तो फोटो या फोनवरून त्या फोनवर जातच राहणार होता. आणि एक शब्द तिथं टाईप करणं किती सोपं आहे, हे मला दिवसभर दिसत होतं. चार अक्षरंसुद्धा नाहीत. माझ्याशिवाय कुणाला कळलंही नसतं. घरी भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना तेच मनात. आणि त्याच्या मागोमाग दुसरं: खरंच 'आहे' असेल तर? मी शोधून काढेन आणि माझ्याच हातानं त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर ते पुराव्यानिशी ठेवेन. मग न शोधलेलंच बरं, असंही वाटायचं.

मूळ अंक पाहायला हवा होता. कदाचित मोडलेला तुकडा घडीत कुठं अडकला असेल. पण फायली तोवर परभणीला जिल्द बांधायला गेल्या होत्या. समितीनं ठरवलं होतं, की स्कॅन झालेले अंक नीट बांधून कुलपात ठेवायचे. जिल्दवाल्यांना फोन लावला तर वाजून वाजून बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या वेळी मी वाट पाहिली नाही, सरांना सांगून सकाळच्या परभणी गाडीत बसले. गाडी प्रत्येक फाट्याला थांबत होती. जिल्दवाले आधी कडा कापतात, तुकडे झाडून टाकतात, हे मला ठाऊक होतं. शेजारची बाई गवार मोडत होती, प्रत्येक शेंगेचा 'कट' असा आवाज माझ्या डोक्यात वाजत होता.

जिल्दवाले काका दुकानातच होते. फोन मुलाकडं राहिला होता म्हणाले. आमच्या फायली? झाल्या की. त्यांनी अभिमानानं काढून दाखवल्या. लाल कापडी पाठ, पुठ्ठे घट्ट. आणि आत, मोडक्या कडांना आधार म्हणून प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली.

"नाहीतर टिकत नाहीत बाई हे पानं. हात लावला की चुरा. लय नाजूक माल दिला तुमी."

मी ते पान काढलं. मोडलेली कड पट्टीखाली गेली होती. "ही पट्टी निघेल का?"

"निघंल. पानाला घेऊनच निघंल."

"आणि पडलेले तुकडे?"

त्यांनी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पोत्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. पोतं रिकामं होतं.

त्यांचा दोष नव्हता. जसं सांगितलं तसं त्यांनी केलं, आणि चांगलं केलं होतं. मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. काहीतरी करायचं म्हणून पानं उलटत राहिले. तेव्हा एका पानावर, एका दुकानाच्या जाहिरातीच्या मोकळ्या जागेत, मला ती उलटी अक्षरं दिसली.

ही अक्षरं मी रोज बघत होते. त्या छापखान्यात शाई ओली असतानाच अंकांच्या घड्या घालून गठ्ठे बांधत असणार. त्यामुळे एका पानाची शाई समोरच्या पानाला लागायची आणि तिथं फिकट, उलटी अक्षरं उमटायची, आरशात दिसावीत तशी. मला त्यांचा राग होता. सॉफ्टवेअर त्यांना खरी अक्षरं समजून भलतंच काहीतरी वाचायचं. म्हणून मजकूर काढण्याआधी मी चित्र स्वच्छ करून घ्यायची, मागची पिवळट झाक आणि फिकट डाग उडवून पांढरंशुभ्र करायची. निम्मा वेळ त्यातच जायचा.

तिसऱ्या पानासमोर दुसरं पान असतं. अंक मिटला की तिसऱ्याची उजवी कड दुसऱ्याच्या डाव्या कडेवर बसते.

मी घाईघाईनं दुसरं पान काढलं. तिथं डावीकडं खाली एका कापडदुकानाची जाहिरात होती. मोठी चौकट, आत थोडी अक्षरं, बाकी कोरं. पण चौकटीची डावी बाजू काकांच्या पट्टीखाली गेलेली.

"काका, ही पट्टी..."

"आता कशाला विचारता पुन्हा," ते हळू आवाजात म्हणाले.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात फायली शोधत होते. वेबसाइटवरचं चित्र उपयोगाचं नव्हतं. ते मीच पुसून पांढरं केलेलं. पण स्कॅनरमधून जशी निघाली तशी, रंगीत, न धुतलेली चित्रं आम्ही एका वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवत होतो. प्रशिक्षणात तसं बजावलं होतं. त्या फायली एवढ्या मोठ्या, की समितीत कुणीतरी विचारलंच होतं, ह्या कच्च्या चित्रांनी जागा कशाला अडवायची, काढून टाका. तेव्हा काय ठरलं होतं? ठेवायचं ठरलं होतं का नुसतंच 'पुढं बघू' झालं होतं? त्या वर्षाची चित्रं काढलेल्यांत होती का राहिलेल्यांत? मला आठवेना. जितकं आठवायचा प्रयत्न करावा तितकं जास्त पुसट होत गेलं.

डिस्क सरांच्या घरी कपाटात होती, वाचनालयात आग लागली, पाणी शिरलं तर एक प्रत बाहेर असावी म्हणून. मी स्टँडवरून थेट त्यांच्याकडं गेले. त्यांनी साड्यांच्या घडीखालून ती काढून दिली. वाचनालयात येऊन संगणकाला जोडली. दिवा लागला. आतून टक, टक असा आवाज आला आणि संगणक म्हणाला, काही सापडत नाही.

सर मागं उभे होते. ते खुर्ची ओढून बसले. मी वायर बदलली. पुन्हा टक, टक. मी डिस्क टेबलावरून उचलली, आडवी होती ती उभी धरली, वायर इन्व्हर्टरवरच्या दुसऱ्या जागी लावली. त्यातलं नेमकं काय लागू पडलं मला आजही सांगता येणार नाही. आवाज थांबला, नुसती घरघर ऐकू येऊ लागली आणि फायलींची यादी एकेक ओळ करत समोर आली. वर्षं होती. सगळी होती.

आधी मी त्या अंकाची चित्रं संगणकावर उतरवून घेतली. पडद्यावरची पट्टी सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती.

दुसरं पान उघडलं. पिवळट, डागाळलेलं, खरं. जाहिरातीची चौकट मोठी केली. डाव्या बाजूला फिकट करडी उलटी अक्षरं होती, मेणकापडातून दिसावीत इतकी पुसट. मी चित्र आडवं उलटवलं. काळेपणा वाढवला, पिवळा कमी केला. आणखी. एका क्षणी अक्षरं उठून आली आणि आणखी वाढवल्यावर पुन्हा डागांत बुडाली. मी मागं आले. 'सिद्ध झाला' वाचता आलं. ते तर पानावर आहेच. त्यापुढं शिरोरेघ. एक काना स्पष्ट. मधलं अक्षर वळणदार. शेवटी आणखी एक उभी रेघ.

मला 'नाही' दिसत होतं. पण मला ते दिसावं असं वाटत होतं, त्यामुळं माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नव्हता. मी सरांकडं पाहिलं.

"आपण दोघंही नको," ते अखेर म्हणाले. "ज्याला काही माहीत नाही त्याला विचारू."

बाहेर उर्दू शाळेतले निवृत्त मास्तरसाहेब मराठी पेपर वाचत बसले होते. रोज येतात. सरांनी त्यांना आत बोलावलं. मी आजूबाजूची अक्षरं झाकली आणि तेवढाच शब्द पडद्यावर ठेवला. 'आहे' किंवा 'नाही' असं काही आम्ही त्यांना सांगितलं नाही.

"मास्तरसाहेब, एवढं वाचा बरं."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकले, पुन्हा चष्मा खाली घेतला. मला वाटलं आता ते म्हणणार, काही कळत नाही. तेही चाललं असतं. 'आहे' तेवढं नको होतं.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे, वाचता येत नाही?" सरांनी विचारलं.

"वाचता येतंय की. 'नाही' असं लिहिलंय. न काना ना, मग ही. पुढं पूर्णविराम पण आहे बघा." मग आमच्या चेहऱ्यांकडं बघून ते गोंधळले. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

त्यानंतर सर स्वतःच म्हणाले, "आता टाका शब्द. कंसात टाका, आणि कुठून वाचला ते खाली लिहा. दोन्ही चित्रं जोडा."

मी तिला फोन केला तेव्हा ती अंगणवाडीत होती, मागं पोरांचा गलका. "ताई, न्हाई हाय?" तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "तुमी या गावाला. मी सांगितलं तर कोन ऐकनार हाय?"

सर नि मी सेलूपर्यंत बसनं आणि तिथून वालूरच्या जीपनं गेलो. लॅपटॉप मांडीवर. वालूरहून पुढं तिच्या भावाच्या मोटारसायकलवर एकेकानं. मला वाटलं होतं घरात बसून दाखवू आणि येऊ. पण तिनं पाराजवळच सतरंजी टाकली होती, आणि माणसं जमलेली.

अण्णा लिंबाखाली बसलेले. उंच, वाळलेले, घोंगडी खांद्यावर. त्यांनी नमस्कार केला आणि मान खाली घातली.

मी लॅपटॉप उघडला, चित्र दाखवलं, शब्द दाखवला. पुढं बसलेल्या एका तरुण माणसानं फोनवर त्याचा फोटो काढला आणि सहज म्हणाला, "कंप्युटरवर काय बी करता येतंय आजकाल. फोटोत मानूस बदलायलेत, हे तर अक्षर हाय."

ह्याचंच मला भय होतं. आणि तो खोटं बोलत नव्हता. मग मी चित्र बंद केलं आणि मूळ, पिवळं, काहीही न केलेलं पान उघडलं. लॅपटॉप त्याच्याच पुढं सरकवला.

"तुम्हीच करा," मी म्हटलं. "मी नुसतं कुठं दाबायचं ते सांगते."

तो बिचकला. मग बसला. पान उलटवलं. काळेपणा वाढवायची पट्टी मी दाखवली, त्यानं ती हळूहळू सरकवली. सगळे त्याच्या खांद्यावरून वाकले. मी केलं तेव्हा दिसलं होतं, पण बाहेरच्या उजेडात, दुसऱ्याच्या हातानं तसं दिसेलच असं नव्हतं. तो जास्त पुढं गेला, सगळं काळं झालं. कुणीतरी हसलं. "मागं घे, मागं," दुसरा म्हणाला. त्यानं मागं घेतलं.

"न्हाई," मागून एक म्हातारी म्हणाली. तिला वाचता येत होतं का मला ठाऊक नाही. तो तरुणही तेच वाचत होता, ओठ हलत होते. "नाही. नाही लिवलंय," तो म्हणाला. आणि लॅपटॉप माझ्याकडं सरकवताना, "पन एका पानाचं दुसऱ्या पानावर कसं काय गेलं?"

मी ओल्या शाईचं सांगायला लागले. अण्णा पहिल्यांदा बोलले.

"मेंढराला खुनेचा रंग लावला आन ओल्यातच वाड्यात कोंडलं, की शेजारच्या मेंढराला लागतोय. तसंच हे."

"तसंच," सर म्हणाले.

सगळ्यांनी मानलं असं नाही. उठताना एक जण दुसऱ्याला म्हणत होता, पंचांनी तरी कुठं खरं सांगितलं असंल. ते मी ऐकलं, मुलीनंही ऐकलं. अण्णांनी ऐकलं असेल तर दाखवलं नाही. त्यांनी मला सगळी बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितली. वाचून झाल्यावर त्या पानावरचं बाकीचंही वाचायला सांगितलं: बाजारभाव, एका लग्नाची बातमी, हरवलेल्या बैलाची जाहिरात. बैलाच्या जाहिरातीला ते हसले. "ते सापडलंच न्हाई," म्हणाले. "मला बी इचारलं होतं त्यांनी."

पुढं काही आठवड्यांनी ते मुलीबरोबर वाचनालयात आले. त्यांना ते पान हातात घेऊन बघायचं होतं. मी नवी जिल्द काढून दिली. त्यांनी मोडलेल्या जागेच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग बाकावर टेकले, आणि सेलूची गाडी यायला वेळ होता म्हणून तिथंच त्यांना डुलकी लागली.

मी आत जाऊन कामाला लागले. मोडक्या कडांची पानं मी आता एकेक करून पुन्हा तपासते आहे, न धुतलेल्या चित्रांवरून. फार हळू होतं. काही शब्द सापडतात, पुष्कळ सापडत नाहीत. आधी चढवलेल्या मजकुरात अजून किती ओळी अशा अर्ध्यावर संपल्या आहेत, कोण त्या वाचत असेल, कोणाच्या घरात कोण वाचता वाचता मध्येच थांबलं असेल, ते मला माहीत नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की अजूनही उचलण्याआधी माझा हात क्षणभर थांबतो. त्या दिवशीही फोन वाजला. सभासद होते, पुस्तकाची मुदत वाढवून हवी होती. वाढवून दिली आणि पुढचं पान उघडलं.